यादी करणाऱ्यांचे वनस्पतिशास्त्र : प्रस्तावना

जॉर्ज वॉट यांचा भारतातील आर्थिक उत्पादनांचा इंग्रजी कोश 1889 पासून खंडाखंडाने बाहेर पडू लागला. त्यातली एखाद्या औषधी वनस्पतीची मोठी नोंद उघडली की बारीक टायपात आधारग्रंथांची दाट रांग लागते. रॉक्सबर्ग, डॅल्झेल आणि गिब्सन, डिमॉक ही नावे एकमेकांना खेटून येतात, आणि त्यांच्यातच कुठेतरी ‘एस. अर्जुन, बॉम्बे ड्रग्ज’ एवढे शब्द आणि पुढे पानाचा आकडा असतो. हे एस. अर्जुन म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन राऊत (1839–1885). राऊत हे आडनाव ते स्वतःच फारसे लावत नसत. कोशाने वडिलांच्या नावाचेच आडनाव केले आणि सखारामचे एक अक्षर ठेवले. हा हवाला कोशात पुन्हा पुन्हा येतो. साऱ्या हिंदुस्थानच्या वनसंपत्तीची मोजदाद करायला निघालेल्या सरकारी ग्रंथाला मुंबईच्या एका मराठी डॉक्टरने केलेली यादी हाताशी ठेवावी लागली होती. मराठीत वनस्पतिशास्त्राच्या इतिहासाबद्दल जे थोडेफार लिहिले जाते, त्यात मात्र सखाराम अर्जुन सहसा भेटत नाहीत. हे पुस्तक त्यांच्याभोवती आणि त्यांच्या आगेमागे काम करणाऱ्या माणसांभोवती रचले आहे. त्यामागचे म्हणणे एकच आहे : मुंबई इलाख्यात आधुनिक वनस्पतिशास्त्र मराठी माणसाच्या हाती आले ते औषधांच्या बाजाराच्या वाटेने. कोणत्या नावाखाली कोणती वनस्पती विकली जाते आणि वापरली जाते हे पक्के करणे, हेच त्या पिढीचे मुख्य शास्त्रीय काम होते. त्या कामाची गणना आपण शास्त्रात केली नाही, म्हणून ती माणसेही आपल्याला शास्त्रज्ञ वाटली नाहीत.

सखाराम अर्जुनांच्या चरित्राची रूपरेषा थोडक्यात सांगता येते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढे त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. वैद्यक आणि प्रसूती या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. 1879 साली मुंबईतील औषधांची त्यांची इंग्रजी यादी प्रसिद्ध झाली. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, तेव्हा त्यांत दोन हिंदी होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. दीड वर्षाने, 16 एप्रिल 1885 रोजी, वयाच्या सेहेचाळिशीच्या आतबाहेर ते वारले. संस्थेचे नियतकालिक निघाले 1886 च्या जानेवारीत. जिथे त्यांचे लेखन नियमाने आले असते, ते पानच त्यांच्या हयातीत नव्हते. आज त्यांचे नाव ज्यांना माहीत असते त्यांना ते रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. ज्या सुतार समाजातले हे कुटुंब होते, त्यात विधवाविवाहाला मुभा होती. रखमाबाईंच्या आईशी, जयंतीबाईंशी, त्यांनी लग्न केले तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. रखमाबाईंचे पती दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला आणण्यासाठी लावलेल्या दाव्यात न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने पहिला निकाल दिला तो सप्टेंबर 1885 मध्ये, सखाराम अर्जुनांच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी. त्या खटल्यावर चांगले लेखन झाले आहे. त्याची पुनरुक्ती इथे नाही. एवढेच नोंदवायचे की मराठीत स्त्रीच्या शरीराविषयी लिहिणारा आणि बाजारातल्या मुळ्या-साली तपासणारा माणूस एकच होता, आणि दोन्हीकडे त्याचा आग्रह एकाच प्रकारचा होता : जे घरोघर कानोकानी चालते ते छापून, तपासून, सर्वांपुढे ठेवावे.

या क्षेत्राशी प्रथमच ओळख होणाऱ्या वाचकासाठी थोडे मागे जायला हवे. पश्चिम किनाऱ्यावरच्या वनस्पतींविषयी युरोपीय भाषेत छापलेला पहिला मोठा ग्रंथ म्हणजे गार्सिया द ऑर्ता यांचे गोव्यात 1563 साली छापलेले संवाद. ऑर्तासुद्धा डॉक्टर होते आणि त्यांचाही विषय बाजारात येणारी औषधे आणि मसाले हाच होता. त्यानंतर शंभरेक वर्षांनी डच अधिकारी व्हान रीड यांनी ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत जसेच्या तसे कोरून छापलेले आहे. वनस्पतींच्या माहितीचा स्रोत कोण, हे सांगणारा इतका स्पष्ट कागद त्या ग्रंथात आहे. पुढच्या दोनशे वर्षांतले बहुतेक ग्रंथ याबाबतीत त्याच्या मागेच पडले. सतराव्या शतकातल्या डच कंपनीच्या माणसाला जे जमले ते एकोणिसाव्या शतकातल्या सुधारलेल्या सरकारला का जमू नये, हा प्रश्न या पुस्तकात अधूनमधून डोके वर काढतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात वनस्पतींच्या अभ्यासाचे ढोबळमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला, सर्वांत ठळक प्रवाह ‘फ्लोरा’ लिहिणाऱ्यांचा, म्हणजे एका प्रदेशात कोणत्या वनस्पती आहेत त्यांचे पद्धतशीर वर्णन करणाऱ्यांचा. याची सुरुवात टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांच्या 1839 च्या मुंबई आणि परिसरातील वनस्पतींच्या सूचीने झाली. पुस्तक छापून होण्याआधीच ते खंडाळ्याला वारले आणि उरलेले काम मित्रांनी पुरे केले. 1861 मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. गिब्सन हे पुण्याजवळच्या दापुरीच्या सरकारी बागेचे प्रमुख आणि इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. शतकाच्या अखेरीस गणेशखिंडीच्या बागेतले वुड्रो आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य, मूळचे इंजिनियर थिओडोर कुक यांनी ही परंपरा पुढे नेली. कुक यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला आणि पश्चिम भारतात वनस्पती ओळखणाऱ्याला आजही त्याच्याकडे वळावे लागते. या प्रवाहाने आपल्याला काय दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची एक बाजू त्याच्याच पानांवर वाचता येते. कुक यांच्या फ्लोरात प्रत्येक वनस्पतीखाली ठिकाण आणि नमुना गोळा करणाऱ्याचे नाव असते, आणि नमुना लेखकाने स्वतः पाहिला असेल तर नावापुढे उद्गारचिन्ह. साहेबांच्या नावांच्या रांगेत ‘कानिटकर!’ आणि ‘भिवा!’ ही नावे येतात. भिवाला आडनाव नाही, गाव नाही, हुद्दा नाही; फक्त उद्गारचिन्ह आहे. दापुरीच्या बागेत गिब्सन यांच्यासाठी चित्रे काढणारा हिंदी-पोर्तुगीज चित्रकार तर एवढ्यालाही मुकला. त्याची चित्रे एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत; नाव कोणी लिहून ठेवले नाही.

दुसरा प्रवाह वैद्यकाचा, आणि या पुस्तकाचा खरा विषय तो आहे. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेव्हाच्या डॉक्टरीच्या शिक्षणात वनस्पतिशास्त्र हा वरवरचा विषय नव्हता, कारण औषधालयातला मोठा भाग वनस्पतींचाच होता. याच कॉलेजातून 1851 च्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड बाहेर पडले. महारोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा प्रयोग केला. ते औषध पुष्कळ काळ गुप्त राहिल्याने त्याविषयी उलटसुलट चर्चाही झाली, आणि त्या चर्चेत पहिला प्रश्न हाच असे की मुळात वनस्पती कोणती. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनाही औषधी वनस्पतींचा ध्यास होता. जॉर्ज बर्डवुड यांनी इलाख्यातल्या उत्पादनांची सूची केली ती 1860 च्या दशकात. सखाराम अर्जुनांची यादी 1879 ची, आणि डिमॉक यांचा पश्चिम भारतातील वनस्पतिज औषधांवरचा ग्रंथ त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतला. ही सारी माणसे एकमेकांना ओळखणारी, एकाच शहरात वावरणारी. त्यांच्या समोरची अडचणही एकच होती. मुंबईच्या बाजारात काष्ठौषधीवाल्याकडे येणारा माल वाळलेला, तुटलेला, पाने झडलेला. तो अरबस्तानातून येई, गुजरातेतून येई, घाटावरून येई. रेल्वे 1854 मध्ये कल्याणपर्यंत आल्यावर घाटपायथ्याच्या जंगलातला मालही झपाट्याने येऊ लागला. दुकानदार त्याला एक नाव सांगे, वैद्य दुसरे, संस्कृत निघंटूत तिसरेच असे. त्या सालीचे झाड कोणते?

ही अडचण कागदी नव्हती, हे एका उदाहरणावरून दिसते. कुड्याचे घ्या. आवेवर कुड्याची साल आणि इंद्रजव देतात हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. पण कोकणपट्टीच्या रानात पांढरा कुडा आणि काळा कुडा अशी दोन झाडे शेजारी शेजारी असतात. दोन्हींना पांढरा चीक, समोरासमोर पाने, पांढरी फुले, जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. नीट पाहिले तर काळ्या कुड्याच्या फुलाच्या तोंडाशी झालरीसारखे तंतू दिसतात, पांढऱ्याच्या फुलात ते नसतात. काळ्याच्या शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. शेंग तडकल्यावर बियांना रेशमी केसांचा झुपका दिसतो, तो पांढऱ्या कुड्यात शेंगेच्या टोकाकडे वळलेला आणि काळ्यात देठाकडे. बाजारात मात्र बी येते ते झुपका झडून, आणि साल येते ती नुसती सालच. गुण पांढऱ्याचा, कडू इंद्रजव त्याचे. गोडे इंद्रजव काळ्या कुड्याचे आणि ते त्या कामाचे नाहीत. अठराव्या शतकात युरोपच्या औषधालयांत कुड्याच्या सालीला चांगला भाव आला आणि मग ती बदनाम होऊन गेली. दुसऱ्या झाडाची साल तिच्या नावावर खपली हे त्याचे एक कारण सांगितले जाते. युरोपच्या पंडितांनी ही दोन झाडे एकाच नावात बसवली होती. रॉबर्ट ब्राउन यांनी 1810 च्या सुमारास ती वेगळी केली. मुंबईतल्या यादीकाराचे काम याच्या पुढचे होते. शास्त्रीय नावे वेगळी झाली, पण पाटीवरच्या सालीचे नाव त्यातल्या कोणत्या झाडाला चिकटवायचे? ते ठरवायला झाड ओळखता यावे लागते, साल ओळखता यावी लागते आणि दुकानदाराची बोलीही यावी लागते. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असलेली माणसे त्या शहरात फार नव्हती, आणि होती त्यांतली काही मराठी होती.

सखाराम अर्जुनांच्या पुस्तकाचे शीर्षकच या दृष्टीने बोलके आहे. मुंबईतील औषधांची यादी, आणि तिच्यासोबत ताज्या स्वरूपात वापरल्या जाणाऱ्या मुंबईच्या औषधी वनस्पतींची सूची, असे त्याचे दोन भाग आहेत. वरवर पाहता ही सोयीची वाटणी वाटेल. मला ती त्या काळातली सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटणी वाटते. वाळलेले औषध व्यापाराचे असते. त्याला दर असतो, दलाल असतो, भेसळ असते. ताजी वनस्पती बांधावरची, परसातली, आजीबाईच्या हातातली. तिला दर नाही, म्हणून व्यापारी सूचीत तिला जागाही नाही. प्रदर्शनासाठी माल जमवणाऱ्या सूचीकारांना या दुसऱ्या प्रकारात रस असण्याचे कारण नव्हते. बर्डवुड यांच्यासारख्या रसिकाची सूचीही शेवटी उत्पादनांचीच आहे. घराघरांत जाणाऱ्या डॉक्टरला मात्र माहीत होते की माणसे दुकानाच्या आधी कुंपणाकडे धावतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. सखाराम अर्जुनांनी एकही नवी प्रजाती वर्णिली नाही, फ्लोरा लिहिला नाही, वर्गीकरणात भर घातली नाही. मग त्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ का म्हणायचे? देशी माणूस होता म्हणून मापे सैल करायची का? माझे उत्तर असे की मापच तपासून पाहायला हवे. नव्या प्रजाती मोजणे हे माप युरोपातल्या मोठ्या वनस्पतिसंग्रहांचे आहे. नवी प्रजाती जाहीर करायला जुने सर्व नमुने जवळ असावे लागतात, आणि ते क्यूला, लंडनला, पॅरिसला होते. त्या मापाने खुद्द ग्रॅहमसुद्धा कमी भरतील, कारण त्यांचे पुस्तक मुख्यतः सूचीच आहे. तरी त्यांना इतिहासात जागा देताना कोणी कुरकुर केली नाही. दुसरे असे की नाव आणि वस्तू यांची गाठ घालणे हा वनस्पतिशास्त्राचा तळमजला आहे. एखादी प्रजाती लॅटिनमध्ये निर्दोष वर्णिलेली असूनही ती लोक कशाला वापरतात, कोणत्या नावाने ओळखतात हे कळत नसेल, तर ते ज्ञान कपाटाबाहेर पडत नाही. आणि तिसरे, वॉट आणि डिमॉक यांनी ज्याचा हवाला दिला ते काम त्यांच्या दृष्टीने शास्त्रीय होतेच. मागच्या पिढ्यांनी त्याला खालच्या पंक्तीत बसवले असेल, तर तो दोष त्या कामाचा नाही. तरीही मला सखाराम अर्जुनांचा पुतळा उभारायचा नाही. यादी ही यादीच असते. तिच्यात निरीक्षण असते, कारणमीमांसा थोडी असते, आणि रसायन जवळजवळ नसतेच. त्यांना आणखी वीस वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, यावर या पुस्तकात एकही पान खर्च केलेले नाही.

तिसरा प्रवाह हौशी निसर्गाभ्यासकांचा. न्यायाधीश, कलेक्टर, लष्करी डॉक्टर, दारूचे व्यापारी अशी मंडळी संध्याकाळी जमून आपापले नमुने दाखवत. मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रवाहातला सर्वांत मनोरंजक माणूस म्हणजे लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (1849–1917). ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि ठाण्याला सिव्हिल सर्जन होते. सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी, 1886 मध्ये, त्यांनी गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका शेवाळाचे नवे वर्णन छापले आणि त्याला हायकोर्टाचे न्यायाधीश आणि माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची सूची करणारे एच. एम. बर्डवुड यांचे नाव दिले. पुढे त्याच नियतकालिकात मुंबईच्या विषारी वनस्पतींवरची त्यांची लेखमाला गाजली. ते गेल्यावर 1918 मध्ये मेजर बामनदास बसू यांच्यासोबतचा ‘इंडियन मेडिसिनल प्लान्ट्स’ हा त्यांचा महाग्रंथ अलाहाबादहून निघाला. याच कीर्तिकरांनी मराठीत कविता लिहिली, आणि 1909 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषवले. संमेलनाध्यक्षांच्या यादीत त्यांचे नाव वाचताना हा माणूस शेवाळे आणि विषारी बिया तपासत असे, हे किती जणांच्या लक्षात येत असेल? साहित्याच्या इतिहासाने त्यांना किरकोळ कवी ठरवले आणि विज्ञानाच्या इतिहासाने त्यांचे मराठीपण वगळले. दोन्ही इतिहास एका टेबलावर ठेवल्याखेरीज हा माणूस पुरा दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. या साऱ्या याद्या साम्राज्याची अवजारे होत्या, आणि त्यांत हात लावणारे देशी डॉक्टर त्या यंत्राचे भाग होते, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. सूची प्रदर्शनांसाठी होत होत्या, प्रदर्शने व्यापारासाठी होती. झाडांची नावे निश्चित झाली की त्यांना राखीव करणे सोपे होते, आणि ठाणे जिल्ह्याने हे भोगले आहे. 1878 च्या जंगल कायद्यानंतर भातशेतीसाठी राब जाळायला ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडण्यावर बंधने आली. त्या असंतोषाच्या चौकशीसाठी 1885 मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांपुरता वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. जे वनस्पतिशास्त्र गिब्सनपासून वनखात्याला जोडलेले होते, त्याने शेतकऱ्याच्या हातातला कोयता काढून घेतला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण यादी कोण करतो आणि तिच्यात काय येते, याने फरक पडतो. वनखात्याच्या यादीत झाड म्हणजे घनफूट लाकूड. सखाराम अर्जुनांच्या ताज्या वनस्पतींच्या सूचीत बांधावरची जी झुडपे येतात, त्यांची घनफुटांत किंमत शून्य. ती नोंदवून सरकारला काही मिळणार नव्हते. शिवाय जे नोंदवलेच नाही, त्यावरचा हक्क सांगणे पुढे अधिक कठीण जाते. हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने छापील पुरावे पुढे केल्यामुळे. प्रत्येक घरात हळद लावतात, हे तोंडी सांगून भागत नव्हते. ज्या छापण्याला आपण वसाहतीचे पाप म्हणतो, त्याच छापण्याने एक दावा परतवला.

तरीही एक बोच उरते, आणि ती भाषेची आहे. सखाराम अर्जुनांनी वैद्यकावर मराठीत लिहिले. वनस्पतींची यादी मात्र इंग्रजीत केली. ग्रँट मेडिकल कॉलेजात 1861 पासून मराठी आणि गुजरातीतून वैद्यक शिकवण्याचे वर्गही होते, म्हणजे वाचक नव्हता असे नाही. याचा बचाव असा केला जातो की मराठीत लिहिले असते तर जगाने वाचले नसते. त्याच काळातले पोलंडचे उदाहरण इथे उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकात पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते. तरी युझेफ रोस्टाफिन्स्की यांनी चिकट बुरशांवरचा आपला मोठा प्रबंध 1870 च्या दशकात पोलिश भाषेत छापला. इंग्रज अभ्यासकांना तो लागणारच होता, म्हणून ब्रिटनपुरता भाग त्यांनी भाषांतरित करून घेतला. याच रोस्टाफिन्स्कींनी पुढे क्राकोवला मध्ययुगीन हस्तलिखितांतून पोलिश वनस्पतिनामांचा शोध घेतला. म्हणजे दारे बंद नव्हती. पण ही तुलना फार ताणू नये. क्राकोवला पोलिश विद्यापीठ होते, पोलिश अकादमी होती. मुंबईत मराठी वनस्पतिशास्त्राला पगार देणारी एकही खुर्ची नव्हती. सखाराम अर्जुनांनी इंग्रजी निवडली हा त्यांच्या स्वभावाचा कमकुवतपणा मानण्याआधी ही खुर्ची मोजायला हवी. त्यांच्या इंग्रजी यादीत देशी नावे रोमन लिपीत का होईना आली, आणि मराठी निघंटूकारांना पुढे त्यांचा आधार मिळाला.

पुढची वाट इथे वेगाने ओलांडतो. शंकर दाजीशास्त्री पदे आणि डॉ. वामन गणेश देसाई यांनी औषधी वनस्पती मराठीत आणल्या. देसाईंचा ‘ओषधीसंग्रह’ 1927 चा. शेजारच्या काठेवाडात जयकृष्ण इंद्रजी यांनी बरड्याच्या डोंगरातल्या वनस्पतींवर 1910 मध्ये थेट गुजरातीत मोठा ग्रंथ लिहून दाखवला. मराठीला त्या तोडीचे प्रादेशिक काम त्या वेळी जमले नाही, हे कबूल करावे लागते. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी फ्लोराची परंपरा चालवली. कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती 1933 ते 1935 या काळात निघाली, तेव्हा संपादक होते ब्लॅटर, केयस आणि डॉ. म्हसकर : एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक रसायनज्ञ आणि एक डॉक्टर. तिन्ही प्रवाह त्या मुखपृष्ठावर एकत्र येतात. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्त्याला प्राध्यापक झाले आणि 1946 मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली. त्यानंतरचा इतिहास विद्यापीठांचा आहे आणि तो या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहे.

आज हे सारे कशासाठी वाचायचे? 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, महानगरपालिकेलाही आपल्या हद्दीतली लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. त्या नोंदवहीत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग असे रकाने असतात. सखाराम अर्जुनांनी हाताने आखलेले रकाने ते हेच. हे काम कल्याण-डोंबिवलीसारख्या पट्ट्यात किती नाजूक आहे, ते जूनमध्ये कळते. पहिल्या पावसानंतर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया स्टेशनबाहेर शेवळांच्या, म्हणजे एका रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसतात आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं देतात. शेवळात घसा खाजवणारे स्फटिक असतात. काकडाची आंबट फळे सोबत शिजवल्याशिवाय ती भाजी पोटात जात नाही. शेवळाला शास्त्रीय नाव दिले ते व्हिएन्नाच्या शॉट यांनी, वाळलेल्या नमुन्यांच्या जगात राहून. काकडाचे झाड दुसऱ्याच कुळातले. दोन्ही नावे कोशात अचूक मिळतील; ती दोन एकत्र का विकली जातात हे त्या बाईला विचारावे लागते. रकाना भरणाऱ्याने शेवळाच्या जागी सुरणाचे शास्त्रीय नाव लिहिले, तर नोंद कागदावर पूर्ण दिसते आणि प्रत्यक्षात निकामी असते. उल्हासच्या खाडीकाठी तिवर, चिपी आणि मारांडी अजून उभी आहेत; पण चोळे, ठाकुर्ली, खंबाळपाडा या गावांच्या शेतीच्या जागी इमारती आल्या. 1929 साली रेल्वेने इथे वीजघर बांधले तेव्हाच्या बांधांवर काय उगवत होते, हे सांगणारी माणसे आता उरली नाहीत. जुन्या सूचींतली ‘ठाणे’ किंवा ‘कल्याण’ अशी एका शब्दाची ठिकाणे त्यामुळे मोलाची झाली आहेत.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. यात सखाराम अर्जुन, नारायण दाजी, कीर्तिकर यांच्याबरोबर ग्रॅहम, गिब्सन, कुक यांचीही चरित्रे आहेत, कारण एकाला वगळून दुसरा कळत नाही. बाजार, बाग आणि संस्था यांवर स्वतंत्र लेख आहेत. भिवा आणि दापुरीचा चित्रकार यांच्यासाठी चरित्र लिहिण्याइतकी सामग्री नसताना ते कल्पनेने भरून काढायचे नाही, असे ठरवले. त्यांच्या नोंदी जिथे जिथे येतात तिथे त्या मूळ स्वरूपात दिल्या आहेत. औषधी उपयोग जुन्या ग्रंथांत जसे आहेत तसे सांगितले आहेत. ते उपचाराचा सल्ला नव्हेत, आणि कुड्याच्या उदाहरणानंतर हे वेगळे सांगायची गरज नसावी. वनस्पतींची नावे देताना प्रथम मराठी, नंतर आज मान्य असलेले शास्त्रीय नाव देवनागरीत, आणि जुन्या ग्रंथात वेगळे असेल तर तेही दिले आहे. जिथे एकाच वनस्पतीला ठाण्यात एक आणि सिंधुदुर्गात दुसरे नाव आहे, तिथे दोन्ही जिल्ह्यांच्या उल्लेखासह छापली आहेत. ब्राह्मीसारख्या नावाखाली जिथे दोन वेगळ्या वनस्पती चालतात, तिथे एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवलेली नाही. कोण कुठे कोणती वापरतो, तेवढे लिहिले आहे.

ठाकुर्ली